बारदान वजा जाता

फाटकाला लोंबकळून एक टकलं, गुबगुबीत पोर माझ्याकडे बघत होतं. अंगात फक्त एक झबलं, कपाळावर एक आणि गालावर एक असे काजळाचे दोन ठसठशीत टिळे, आणि उजव्या मुठीत बेदाणे. मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"काय रे गड्या, कुणाचा तू?"

पोरानं तोंडातला अर्धा चावलेला बेदाणा बाहेर काढला, नीट तपासला आणि मला देऊ केला.

"नको, तूच खा," मी म्हणालो. "तू खातोयस ते दिसतंच आहे."

तासगावात माझी सासुरवाडी. मार्केट यार्डाच्या अगदी समोर. पहाटे पाचला नगर जिल्ह्यातल्या आमच्या साखर कारखान्यावरून निघालेला मी तीन एसट्या बदलून दुपारी चारला तिथं पोचलो होतो. पिशवीत दूध पावडरीचे दोन डबे आणि एक पुठ्ठ्याची वही होती, काखोटीला गुंडाळी केलेला आलेख होता आणि शर्टाच्या खिशात एक घडी घातलेला कागद होता. त्या कागदाचं ओझं डब्यांपेक्षा जास्त होतं.

पोराला कडेवर घेऊन मी फाटक उघडलं. तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. त्यांना मी मामी म्हणत असे. मला पाहिल्यावर त्या जागच्या जागी थबकल्या.

"जावईबापू? असं अचानक कसं आलासा? पत्र न्हाई, काय न्हाई."

"मामी, केतकी कुठं आहे?"

मामींनी माझ्याकडं पाहिलं, माझ्या कडेवरच्या पोराकडं पाहिलं आणि पुन्हा माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे झरझर येऊन गेलं ते मला तेव्हा वाचता आलं असतं तर पुढचा तास वाचला असता.

"केतकी व्हय," त्या म्हणाल्या. "तिला आत्ताच न्हेली अण्णांच्या बायकूनं. फिरवाय."

"आणि हे?"

"हे व्हय? ही धोंडी. शेजारची."

"मुलगी आहे होय," मी म्हणालो. धोंडी माझ्या खिशातलं पेन काढायच्या उद्योगाला लागली होती.

मी लगेच पलीकडच्या भूपालअण्णांकडं जायला निघालो, तर मामींनी अडवलं. म्हणाल्या, वाटेत चुकामूक व्हईल, बसा, चा घ्या, वैजू बी शाळेतनं ईलच. आणि त्या घाईघाईनं आत गेल्या. मी सोप्यात बाजेवर बसलो. धोंडी मांडीवर.

आता हे सगळं कळायला थोडं मागं जायला हवं.

मी कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होतो. गळीत हंगाम सुरू झाला की ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत आम्हाला रजा नावाची गोष्ट नसे. दर दोन तासांनी रसाचा नमुना घ्यायचा, तपासायचा, रजिस्टरात आकडा चढवायचा. आकडा चुकला की साखरेचा उतारा चुकला, आणि उतारा चुकला की वरून बोलावणं. त्यामुळे आकड्यांवर माझी श्रद्धा होती. माणसं काय वाटेल ते बोलतात, आकडा बोलत नाही, असं मी नव्या पोरांना सांगत असे. हे वाक्य लॅबमध्ये मी इतक्यांदा म्हटलं होतं की माझी पाठ वळली की ती पोरं माझ्या आवाजात म्हणून दाखवत.

माझी बायको वैजयंती तासगावात शिक्षिका. चार वर्षं तिनं रजेवर गेलेल्या बाईंच्या जागी, बाळंतपणाला गेलेल्या बाईंच्या जागी अशा नोकऱ्या केल्या होत्या, आणि केतकीच्या जन्मानंतर सहा महिन्यांनी ती कायम झाली होती. कायम झाल्याची ऑर्डर तिनं देवापुढं ठेवली नव्हती, स्वतःच्या उशीखाली ठेवली होती. मी ऑक्टोबरमध्ये निघालो तेव्हा केतकी नऊ महिन्यांची होती, जावळ दाट होतं आणि बसवली की बसत होती.

निघताना मी वैजूला एकच गोष्ट मागितली. दर महिन्याच्या बारा तारखेला, म्हणजे केतकीच्या जन्मतारखेला, तिचं वजन, दात, नवीन काय करायला लागली, कुठं फिरायला नेलं, हे सगळं अंतर्देशीय पत्रात लिहून पाठवायचं. मी ते वहीत उतरवणार. दोनशे पानी, पुठ्ठ्याची वही घेतली होती, वर तिचं नाव घातलं होतं. शिवाय वजनाचा आलेख काढून लॅबच्या भिंतीवर लावला होता, ऊसतोडणीच्या तक्त्याशेजारी. येणारा-जाणारा तो बघायचा.

पत्रं नेमानं आली. पण त्यातली केतकी काही पुढं सरकेना. दहाव्या महिन्यात: "बसते, पण कलंडते." अकराव्यात: "दोन दात. रांगण्याचा प्रयत्न करते." बाराव्यात: "सागरेश्वरला हरणं दाखवायला नेलं. झोपूनच होती." तेराव्यात: "औदुंबरला नेलं होतं. धरून उभी केली तर पाय मुडपते." आणि वजन बघितलं तर महिन्याला मुंगीच्या पावलानं. चौदाव्या महिन्याचा ठिपका मी सहा किलो आठशेवर दिला, आणि मग कारखान्याच्या दवाखान्यातून डॉक्टरांकडचं रंगीत पट्ट्यांचं कार्ड आणून आलेखाशेजारी धरलं. ठिपका लाल पट्ट्यात होता. पिवळ्याच्या खाली, अगदी थोडा, पण लाल पट्ट्यात.

डॉक्टर म्हणाले, "मुलीला एकदा दाखवून घ्या. आईचं लक्ष आहे ना?"

आईचं लक्ष आहे ना, हे वाक्य घेऊन मी खोलीवर गेलो. वैजू सकाळी दहाला शाळेत जाते, साडेपाचला येते. मामी साठीच्या. पोर दिवसभर काय खात असेल, कोण भरवत असेल. दोन दिवस मी त्या लाल पट्ट्याकडं पाहत काढले आणि तिसऱ्या दिवशी कागद घेऊन वैजूच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना उद्देशून एक राजीनामा लिहिला. वैजूच्या नावानं. सुवाच्य अक्षरात, फक्त सहीची जागा मोकळी सोडून. मग चीफ केमिस्टच्या हातापाया पडून चार दिवसांची रजा काढली. मायलेकींना घेऊनच परतायचं ठरवलं होतं.

तर असा मी, सोप्यात बाजेवर, धोंडीला मांडीवर घेऊन.

एसटीत अकरा तास तोंड मिटून बसलो होतो. मन मोकळं करायला कुणीतरी हवं होतं, आणि धोंडी ऐकून घेणाऱ्यांतली वाटली. मी आलेख उलगडला.

"हे बघ. ही माझी केतकी. तुझ्याएवढीच असेल. ही रेघ आहे ना, ही अशी वर जायला हवी. ही जातच नाही."

धोंडीनं रेघेवर बोट ठेवलं. बोट चिकट होतं, बाराव्या महिन्यावर डाग पडला.

"तुला चालता येतं?"

ती मांडीवरून उतरली, सोप्याच्या टोकापर्यंत धावत गेली, तिथलं मामींचं सूप उचलून डोक्यावर घेतलं आणि तशीच धावत परत आली. मी तिला दोन्ही हातांनी उचलून पाहिलं. नमुने तोलून तोलून हाताला अंदाज आलेला असतो. अकरा किलोच्या आसपास.

"तुझ्या घरचे तुला काय घालतात गं खायला? तुझ्या आईला विचारायला पाहिजे."

"बू," धोंडी म्हणाली आणि आठ दात दाखवून हसली. मी ते मोजले. खरं सांगतो, त्या क्षणी मला त्या पोरीच्या बापाचा हेवा वाटला. कुठल्या जन्मीचं पुण्य असेल त्याचं, असं वाटलं. माझ्या केतकीला वर दोन दात, खाली शून्य, आणि या शेजाऱ्याच्या घरात असं नांदतं गोकुळ. मी तिला सगळं सांगितलं. लाल पट्टा, डॉक्टर, आईचं लक्ष. खिशातल्या कागदाचंही सांगितलं. ती मन लावून ऐकत होती आणि ऐकता ऐकता आलेखाचा एक कोपरा खात होती.

मामी चहा घेऊन आल्या, कप ठेवला, आमच्याकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावून लगबगीनं आत गेल्या. मला वाटलं, केतकीच्या काळजीनं त्यांना भरून आलं असेल.

सव्वापाचला फाटक वाजलं. वैजू आली. हातात वह्यांचा गठ्ठा, खांद्याला पर्स. मला बघून ती पायरीवरच उभी राहिली.

"अहो, तुम्ही? बरे आहात ना?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात धोंडी माझ्या मांडीवरून सुटली आणि "आई, आई, आई" करत तिच्या पायांना जाऊन चिकटली. वैजूनं वह्या बाजूला ठेवून तिला उचललं, तिच्या तोंडातून आलेखाचा तुकडा काढला आणि सहज म्हणाली, "बाबांच्या मांडीवर बसून कागद खाल्लास होय केतू?"

मी बाजेवरून उठलो. मग परत बसलो.

"ही धोंडी आहे," मी म्हणालो.

"ते आई लाडानं म्हणते. दृष्ट लागू नये म्हणून."

मी आतल्या दाराकडं पाहिलं. दाराआडून मामींच्या लुगड्याचा काठ दिसत होता.

"मामी."

"तोंडातनं निघून गेलं जावईबापू," दाराआडून आवाज आला. "एवढी पत्रं धाडली, उबी ऱ्हात न्हाई म्हणून. आन् ही तुमच्यासमोर फाटकावर चढल्याली. काय सांगू मग? परवाच जावळ काढलंया, तुमी वळखलं बी न्हाई. म्हटलं वैजू येऊस्तोवर रेटावं."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी पुढं जाऊन वैजूच्या हातातून केतकीला घेतलं आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, ते थांबेना. पाच महिने मी जिच्यासाठी झुरलो तिला मी तासभर मांडीवर घेऊन तिच्याच काळजीची कहाणी सांगत बसलो होतो. केतकीनं माझ्याकडं जरा वेळ पाहिलं आणि मुठीत उरलेला शेवटचा बेदाणा माझ्या तोंडात कोंबला. या वेळी मी खाल्ला.

मग तिनं माझ्या खिशात हात घातला. पेन आधीच गेलं होतं. कागद बाहेर आला आणि तिनं तो आईकडं सरकवला.

"काय आहे ते?" वैजूनं विचारलं.

"काही नाही. दे इकडे."

पण शिक्षिकेच्या हातात आलेला कागद वाचल्याशिवाय परत येत नाही. तिनं उभ्या उभ्या वाचला. "मा. मुख्याध्यापक यांस. मी, सहशिक्षिका सौ. वैजयंती, विनंती करते की माझ्या मुलीची प्रकृती खालावल्यामुळे मला यापुढे नोकरी करणे शक्य नाही. तरी माझा राजीनामा मंजूर व्हावा." मामीही बाहेर आल्या.

"अक्षर छान काढलंय," वैजू म्हणाली. "सही तेवढी माझ्यासाठी ठेवलीत."

"वैजू, तसं नाही."

"मग कसं? हा कशाच्या जोरावर लिहिलात?"

मी आलेख पुढं केला. एक कोपरा कमी असलेला.

"आकडे आहेत. तूच पाठवलेले."

तिनं आलेख घेतला, बराच वेळ पाहिला. रागावली की वैजू मोठ्यानं बोलत नाही, हळू बोलते, आणि तेव्हा तिचे विद्यार्थी बाकाखाली लपतात असं मी ऐकून होतो. ती अगदी हळू म्हणाली, "चला."

"कुठं?"

"काट्यावर."

केतकीचं वजन दर महिन्याला समोरच्या मार्केट यार्डात होत होतं, भूपालअण्णांच्या काट्यावर. भूपालअण्णा शेजारी राहायचे, यार्डात चाळीस वर्षं तोलार. हळद, गूळ, बेदाणा, जे येईल त्याचा आकडा त्यांच्या तोंडातून निघे आणि त्यावर व्यवहार ठरे. आम्ही पोचलो तेव्हा ते काटा झाकायच्या तयारीत होते. दोन-तीन हमाल पोत्यांवर बसून तंबाखू मळत होते.

"अण्णा, हिला जरा ठेवा," वैजू म्हणाली.

ठेवावं लागलं नाही. केतकी आपण होऊन काट्याच्या फळीवर गेली आणि मांडी घालून बसली. सवयीचं गिऱ्हाईक. अण्णांनी दांड्यावरचं वजन सरकवलं, दांडा स्थिर झाला.

"नऊ किलो आठशे," अण्णा म्हणाले.

मी दांड्याकडं बघत होतो. दांडे वाचणं हा माझा धंदा.

"अण्णा, दांड्यावर दहा आठशे आहे."

"व्हय की."

"मग नऊ आठशे कसं?"

"किलोभर बारदान."

"कसलं बारदान?"

अण्णांनी केतकीकडं पाहिलं. तिच्या खाली पोतं नव्हतं, टोपली नव्हती, काहीच नव्हतं. अण्णा जरा गोंधळले.

"झबलं हाय की अंगात," ते म्हणाले.

"झबलं किलोचं?"

"पावनं, चाळीस वरसं झाली. बारदान वजा केल्याबगर आकडाच तोंडातनं येत न्हाई बगा. आन् लेकराचा आकडा पुरा कवा सांगत्यात व्हय?"

मामी माझ्यामागं होत्या. त्यांनी पदर सावरला.

"म्हंजी अण्णा, तुमी किलूभर खाली करून सांगत हुतासा?"

"व्हय."

"आन् मी त्यातनं दीड किलू कमी करून वैजूला सांगत हुते."

वैजूनं डोळे मिटले. "आई. आणि मी तू सांगशील त्यातून एक किलो कमी करून पत्रात लिहीत होते."

"तू बी? तू शिकल्याली न्हवं?"

"पत्र पोस्टात किती हातांतून जातं. म्हटलं, एवढं काय बिघडणार."

हमालांनी तंबाखू मळायचं थांबवलं होतं. आता माझी पाळी होती आणि मी ती सोडली नाही. त्या काट्यापाशी उभं राहून मी एक भाषण केलं. ते आठवलं की अजून कानशिलं गरम होतात. म्हणालो, एकाच आकड्याला तीन ठिकाणी गळती. कारखान्यात असं झालं असतं तर तिघांनाही घरी बसवलं असतं. दात आठचे दोन, पाय पळणारे मुडपणारे, आणि हे सगळं दृष्टीच्या भीतीनं. अरे, आकड्याला कसली दृष्ट लागते? तुमच्यामुळं मी पाच महिने झोपलो नाही. माणसं काय वाटेल ते बोलतात, आकडा बोलत नाही. हेही म्हणालो.

अण्णा मान खाली घालून ऐकत होते. मामी काट्याची फळी पदरानं पुसत होत्या. वैजूनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "एकूण किती वजा झाले?"

"साडेतीन."

"दहा आठशेतून साडेतीन गेले की किती राहतात?"

"सात किलो तीनशे."

"बरोबर. मी पत्रात सात तीनशेच लिहिलं होतं." तिनं आलेख उलगडला आणि शेवटच्या ठिपक्यावर नख ठेवलं. "हा ठिपका कितीवर आहे?"

मी केतकीचं झबलं सारखं करायला लागलो.

"सहा आठशेवर आहे," ती म्हणाली. "मागचे पण बघितले मघाशी घरी. प्रत्येक महिन्याला अर्धा किलो कमी. हे अर्धं किलो कुणी खाल्लं?"

एक हमाल खोकला.

"आलेख लॅबच्या भिंतीवर होता," मी शेवटी म्हणालो. "येणारा-जाणारा बघायचा. त्या बॉयलरवाल्या जगतापांची नजर... तुला माहीत नाहीत ते."

सगळ्यांत आधी मामी हसल्या. पोटाला हात लावून, फळीवर बसूनच हसल्या, आणि केतकीही त्यांना बघून टाळ्या पिटायला लागली. मग अण्णा. मग हमाल. मी रसायनशास्त्राचा पदवीधर, मी पहिल्या महिन्यापासून पेन्सिलनं अर्धा किलो खाली ठिपका देत होतो, आणि चार महिन्यांत ते पार विसरून त्याच ठिपक्यांकडं बघून रडत होतो. सात तीनशे असते तर केतकी पिवळ्या पट्ट्यात राहिली असती. लाल पट्ट्यात तिला मी ढकललं होतं. आणि लाल पट्टा बघून मी तो कागद लिहिला होता.

वैजू हसली नाही. ती माझ्याकडं बघत होती, पण माझ्या तोंडाकडं नाही. माझ्या कमरेच्या पट्ट्याकडं. पट्ट्याला मी खिळ्यानं पाडलेली दोन नवी भोकं होती.

"आता तुम्ही चढा," ती म्हणाली.

"मी कशाला?"

"चढा."

"मी लिहिलं होतं की पत्रात. साठ किलो. तब्येत उत्तम."

"चढा म्हणते ना."

केतकीला उतरवून मी चढलो. अण्णांनी दांड्यावरचं वजन साठवर नेलं. दांडा खालीच. पंचावन्न. खालीच. अण्णा सरकवत राहिले. मग त्यांनी, मालाचा आकडा पुकारतात तसा, सगळ्या यार्डाला ऐकू जाईल असा पुकारा केला.

"एकूणपन्नास."

"बारदान वजा करून?" मामींनी विचारलं.

"न्हाई. बूट, पट्टा, समदं धरून."

आता कुणी हसलं नाही. मी सांगायचा प्रयत्न केला. मेसचं जेवण, बारा-बारा तासांची पाळी, दोन पाळ्यांच्या मधे चहा आणि खारी, त्यात या काळजीनं घास उतरायचा नाही. तुम्ही वजा करत होता, मी माझ्यात मिळवत होतो, एवढंच, असं म्हणालो. वैजूनं पर्समधून लाल पेन काढलं. माझा मसुदा अण्णांच्या पोत्यावर पसरला, आणि वह्या तपासतात तसा तपासायला घेतला.

'सहशिक्षिका सौ. वैजयंती' यावर तिनं काट मारली आणि वर लिहिलं, 'लॅब केमिस्ट', पुढं माझं नाव. 'मा. मुख्याध्यापक' खोडून 'मा. कार्यकारी संचालक'. 'माझ्या मुलीची प्रकृती' यातलं 'माझ्या मुलीची' खोडून तिनं नुसतं 'माझी' केलं, 'करते'चं 'करतो' केलं. बाकीचं तसंच ठेवलं.

"मसुदा चांगला जमलाय," ती म्हणाली. "वाया कशाला घालवायचा. इथं आसपास कारखाने काय कमी आहेत?"

मी कागद हातात घेतला. बाकीचं वाक्य अगदी बरोबर बसत होतं. 'खालावल्यामुळे मला यापुढे नोकरी करणे शक्य नाही.' त्या क्षणापर्यंत आमच्या दोघांपैकी कुणाची नोकरी सुटायची हा प्रश्न मला पडलाच नव्हता. एकाच नोकरीचा विचार मी केला होता, आणि ती माझी नव्हती. हे मला काट्यावर उभं राहून, बूट-पट्ट्यासह, कळलं आणि लाज वाटली.

"हंगाम संपेपर्यंत थांबावं लागेल," मी म्हणालो.

"थांबा. पण दर बारा तारखेला तुमचं वजन कळवायचं. दवाखान्याच्या काट्यावरचं, डॉक्टरांच्या सहीनं."

मग तिनं कागद उलटा केला. आजपासून खरे आकडे, असं म्हणून मागच्या कोऱ्या बाजूला दोन ओळी लिहिल्या, घडी घातली आणि वहीत ठेवायला म्हणून माझ्याकडं दिली. चार दिवसांत बाकीची वहीही तिनं लाल पेनानं दुरुस्त केली. सागरेश्वरच्या पानावर 'झोपूनच होती' खोडून लिहिलं, 'हरणांमागे पळाली, तारेच्या कुंपणापर्यंत.' औदुंबरच्या पानावर लिहिलं, 'नदीकाठी एकटी चालली. पहिली सात पावलं. तुम्ही हवे होता.' ते वाचून मी वही मिटली आणि थोडा वेळ यार्डात जाऊन आलो.

मे महिन्यात मी तो मसुदा नव्या कागदावर उतरवला आणि खाली सही केली. पावसाळ्याच्या आत सांगलीकडच्या एका कारखान्यात लागलो, सायकल आणि एसटी मिळून तासाभराच्या अंतरावर. पगार थोडा कमी होता. संध्याकाळी सातला घरी असायचो. वैजू पुढं त्याच शाळेची मुख्याध्यापिका झाली आणि निवृत्तही झाली. भूपालअण्णांनी मात्र मला शेवटपर्यंत नावानं हाक मारली नाही. यार्डावरून जाताना त्यांचा आणि सगळ्या हमालांचा एकच पुकारा असायचा, "काय एकूणपन्नास, बरं हाय न्हवं?" माझं वजन सत्तरवर गेलं तरी.

परवा केतकीचा फोन आला. तिच्या मुलाला आठवा महिना लागलाय, तिला ती वही हवी आहे. वजन किती भरलं म्हणून मी विचारलं, तर ती म्हणाली, "साडेसहा," आणि जरा चाचरली. मी बरं म्हणालो आणि मनातल्या मनात दीड किलो मिळवले.

वही काढली, झटकली. तो घडीचा कागद अजून तिथं होता, पुढच्या बाजूला माझं निळं अक्षर आणि तिचं लाल. मागची बाजू मी तीस वर्षांत कधी नीट वाचली नव्हती. काय असणार ते मला पाठ होतं. आज कागद उलटला. केतकीच्या नावापुढं दहा किलो आठशे, दांड्यावर होते तेवढे, ग्रॅमचाही फरक नाही. त्याच्याखाली माझं नाव, आणि पुढं वैजूच्या वळणदार अक्षरात अठ्ठेचाळीस. एक किलो तिनं माझाही वजा केला होता.